गेन्झोचं मरण आणि फुमिएचे टाके

"पोट गेलं कुठे तुमचं?" नवऱ्याच्या कमरेचा पट्टा तिसऱ्यांदा आवळत फुमिएने विचारलं.

"डॉक्टरांनी उतरवलं," नागितायू म्हणाला.

"मग आज गायलाही डॉक्टरांनाच बसवा."

तिचं काही चूक नव्हतं. तायू म्हणजे बाहुल्यांच्या खेळाचा आवाज. रंगमंचाच्या कडेला बसून तो एकटाच सरदार, सरदारीण, चोर आणि लेकरू यांची बोलणी म्हणतो, शिवाय बाहेर पडणारं बर्फही तोच गातो. बाहुल्या आपल्या नुसत्या हलतात. हा आवाज गळ्यातून काढला तर आठ दिवसांत गळ्याचं भरीत होतं. म्हणून तो पोटातून काढायचा, आणि पोटाला जोर यावा म्हणून किमोनोच्या आत पट्टा बांधून त्यावर एक जड पिशवी खोचायची, ही आमच्या ओसाकाची रीत. नागितायूचं वजन सहा किलो उतरल्यापासून गुरूंनी दिलेली पिशवी आत डुगडुगायला लागली होती. म्हणून फुमिएने आपल्या जुन्या युकाताच्या, म्हणजे सुती उन्हाळी किमोनोच्या, कापडाची नवी, चांगली दणकट पिशवी शिवली. आत वाळूऐवजी अझुकी नावाच्या कडधान्याचे लाल दाणे भरले, कारण चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईने वाळू आणायची कुठून?

शिवली ती रविवारी दुपारी, टीव्हीवर बेसबॉलची मॅच बघत. शेवटच्या डावात दोन गडी बाद आणि आपल्या ओसाकाचा खेळाडू बॅट घेऊन उभा, अशा वेळी कुठली बाई टाक्यांकडे बघेल? कडेचे शेवटचे सात टाके फुमिएने त्या खेळाडूच्या भरवशावर घातले.

आता हा सोमवार काही साधासुधा नव्हता. नागितायूला त्रेसष्टावं लागलं होतं आणि गेली तीस वर्षं तो मधले प्रवेश गात होता. मधल्या प्रवेशात मोलकरणी गप्पा मारतात, कोणीतरी पत्र घेऊन येतं आणि प्रेक्षक डबा सोडावा की थांबावं याचा विचार करतात. रडवणारा शेवटचा प्रवेश गायचा मान मोजक्या तायूंना मिळतो, आणि तो कोणाला द्यायचा हे वडीलधाऱ्यांची समिती ठरवते. हा मान मिळावा म्हणून नागितायू तीस वर्षं झुरत होता. रोज उठून तो मनातल्या मनात तो प्रवेश गायचा, आणि हे फुमिएशिवाय कोणाला माहीत नव्हतं. आज शेवटच्या प्रवेशाचे थोरले तायू सर्दीने आडवे पडले होते. बदली म्हणून नागितायू बसणार होता आणि समितीचे तिघे तिसऱ्या रांगेत येणार होते.

"नीट गा," दाराशी फुमिए म्हणाली. "आणि रडताना नाक पुसू नका, लांबून दिसतं."

ठरल्या वेळी फिरता ओटा गर्रकन वळला आणि नागितायू प्रेक्षकांसमोर आला. शेजारी तीन तारांचं शामिसेन घेऊन दानजिरो. हे दोघं बावीस वर्षं मांडीला मांडी लावून बसत होते आणि रीतीप्रमाणे दानजिरोने वाजवताना एकदाही त्याच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. नागितायूने संहिता दोन्ही हातांनी कपाळाला लावली. मागून कोणीतरी ओरडलं, "याचीच वाट बघत होतो!" आरोळी आजारी तायूंसाठी पाठ केलेली होती, पण नागितायूने ती घेतली.

अर्धा तास सगळं लोण्यासारखं चाललं. मिठाचा व्यापारी गेन्झो मालकाच्या मुलाला वाचवण्यासाठी गुन्हा आपल्या माथी घेतो आणि बायकोसमोर पोटात सुरा खुपसतो, असा तो प्रवेश. सुरा खुपसण्याच्या ओळीला तायूने पोटातला सगळा दम लावायचा असतो. नागितायूने तीस वर्षांचा लावला.

आत काहीतरी 'टच्च' झालं.

पहिला दाणा किमोनोच्या पदरातून निसटून समोरच्या, संहिता ठेवायच्या लाखेच्या घडवंचीवर पडला, टण्णकन. मग दुसरा. मग पाच-सहा. थांबायची सोय नव्हती. तायू थांबला की बाहुल्या थांबतात, आणि पोटात सुरा असलेला माणूस असा मध्येच ताटकळत ठेवता येत नाही. त्याने डावं कोपर पोटावर दाबलं. दाणे थांबले, पण आवाज घुसमटला, आणि गेन्झो खरोखरच आचके देत असल्यासारखा वाटायला लागला. पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंनी हुंदका दिला.

पुढची ओळ जोराची होती. जोर लावला की दाणे सांडणार हे कळल्यावर नागितायूने एकेक अक्षर ताणायला सुरुवात केली. "मालकाच्या... मुला..." एवढ्याला त्याने अर्धं मिनिट घेतलं. दानजिरोने मान न वळवता सूर लांबवले. टणटण कुठून येतेय हे त्याला कळेना, पण सवयीचा गडी, तोही ठेका त्याने वाजवण्यात घेतला. खरी पंचाईत रंगमंचावर झाली. तायूचा शब्द संपेपर्यंत बाहुलीने मरायचं नसतं. मुख्य बाहुलीवाला ओकिमात्सु डाव्या हातावर अख्खा गेन्झो तोलून उभा होता. एरवी नऊ मिनिटांत आटपणारा गेन्झो त्या दिवशी सोळा मिनिटं मेला.

शेवटच्या किंकाळीला उरलेले टाके एकदम उसवले. दीड किलो लाल दाणे किमोनोतून भळभळा बाहेर पडले, घडवंचीवरून ओट्यावर आणि ओट्यावरून प्रेक्षकांत गेले. ओटा वळून नागितायूला आत घेऊन गेला तेव्हा बाहेर चिटपाखरूही हलत नव्हतं.

"संपलं सगळं," आत गेल्या गेल्या तो म्हणाला. त्याला खरोखर रडू आलं.

"सोळा मिनिटं!" दंड चोळत ओकिमात्सु धावून आला. "अहो, मरणाऱ्याला काही घाई असते की नाही? माझा हात गेला!"

"चुकलं माझं." नागितायूने जमिनीला कपाळ टेकवलं.

"आणि ते टणटण काय होतं?" दानजिरोने विचारलं. "चांगलं होतं."

तेवढ्यात दारात उसामी सेन्सेई उभे राहिले. हे आमच्याकडचे सर्वांत मोठे समीक्षक. चाळीस वर्षांत त्यांना काही आवडल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. त्यांचे डोळे लाल झाले होते आणि मुठीत दहा-बारा दाणे होते.

"आतडी!" ते म्हणाले.

"अं?"

"गेन्झोची आतडी! सुरा बाहुलीच्या पोटात आणि रक्त तायूच्या पोटातून! नागिसान, हे तुम्ही किती वर्षं मनात धरून बसला होतात?"

नागितायूला खरं सांगायचं होतं, पण उसामी सेन्सेई रडत असताना मध्ये बोलायची आमच्याकडे पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात अर्धं पान. थोरल्या तायूंची सर्दी बरी झाली, पण त्यांना अजून विश्रांती घ्या म्हणून सांगण्यात आलं. उरलेल्या अठरा प्रयोगांना जागा शिल्लक राहिली नाही. लोक गेन्झोला बघायला येतच नव्हते, ते दाण्यांना बघायला येत होते. फुमिएने मंगळवारी पिशवी पक्की शिवून दिली, आणि गेन्झो एकही दाणा न सांडता मेला. प्रेक्षक हिरमुसले. "काल जास्त जिवंत मेला होता म्हणे," असं एक गृहस्थ बायकोला सांगत बाहेर पडले. बुधवारी फुमिएने टाके सैल घातले. पिशवी भलत्याच वेळी, गेन्झोची बायको पाहुण्याला चहा विचारते तिथेच फुटली. "घोटभर घेणार का?" आणि धो धो दाणे. लोक हसले. समितीने कपाळाला आठ्या घातल्याचा निरोप आला.

"आता हे माझ्यावर सोडा," फुमिए म्हणाली.

तिने रेशमी धागा आणला, सुती आणला, मासे धरायचाही आणून बघितला. सकाळी सूप आणि भात झाला की नवऱ्याला खुर्चीत बसवून ती फर्मान सोडायची, "हं, मरा."

"घास तरी गिळू दे."

"गेन्झोने गिळला होता का? मरा. दम कुठे लागतो तेवढं मला बघू दे."

बोटं त्याच्या बरगडीला लावून ती श्वास मोजायची आणि वहीत टिपून ठेवायची. शुक्रवारी तिला सापडलं. नऊ टाके, दुहेरी धागा, पाचवा टाका अर्धा कापलेला. त्या दिवसापासून पिशवी सुऱ्याच्या शब्दाला सुटू लागली, ना आधी ना नंतर. ओकिमात्सुचा हात वाचला, कारण आता दाणेही वेळेत संपत होते.

पुढचं आमच्या गावाला शोभेल असंच झालं. तरुण तायू आपापल्या पिशव्या उसवू लागले. एकाने काळे सोयाबीन वापरले, त्यावर दोन चर्चासत्रं झाली. उसामी सेन्सेईंना एका जुन्या कागदात दाण्यांचा उल्लेख सापडला. तो किराणा सामानाच्या यादीत होता, पण उल्लेख तो उल्लेख. हे दोनशे वर्षांपूर्वीचं घराणं आहे असं त्यांनी जाहीर करून टाकलं आणि पहिल्या रांगेतल्या आजीबाई वेचलेले दाणे देवघरात ठेवू लागल्या.

शेवटच्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी समितीने नागितायूला बोलावलं. तिघेही हसऱ्या चेहऱ्याने बसले होते. समोर कागद तयार होता, त्यावर फक्त शिक्का उमटायचा राहिला होता.

"ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?" अध्यक्षांनी प्रेमाने विचारलं.

तीस वर्षं ज्याची वाट बघितली ते हातभर अंतरावर होतं. नुसतं 'गुरुकृपा' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण नागितायूला आपली कपाळाला लावलेली संहिता आठवली, आणि त्याच्याच्याने खोटं बोलवेना.

"सुचली नाही," तो म्हणाला. "अपघात झाला. बायको मॅच बघत शिवत होती, टाके कच्चे राहिले. नंतरचंही सगळं तिनेच बसवलं. मी नुसता मरत होतो."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"म्हणजे टाके तुमचे नव्हेत?"

"नाही."

"पिशवी?"

"तिच्या युकाताची."

"ठीक आहे," अध्यक्षांनी कागद उचलून बाजूला ठेवला. "कळवू."

घरी येऊन त्याने फुमिएला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती चिडेल. तिने चहा ओतला, त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, "पहिल्या दिवशी दाण्यांआधी तुम्ही अर्धा तास गायलात ना, तो मी तुमच्या मागोमाग येऊन प्रेक्षकांच्या मागे उभी राहून ऐकला. एवढं चांगलं तुम्ही उभ्या जन्मात गायला नव्हतात." तो अर्धा तास दुसऱ्या कोणाच्याच लक्षात राहिलेला नव्हता.

पंधरा दिवसांनी समितीचं जाडजूड पाकीट आलं. नागितायूने ते लगबगीने फोडलं. आत सोनेरी कडेचं मानपत्र निघालं. 'योग्य क्षणी उसवणारी शिवण या लुप्त होत चाललेल्या कलेच्या एकमेव जाणकार' म्हणून श्रीमती होरिउची फुमिए यांचा गौरव करण्यात येत होता, आणि पुढच्या पिढीसाठी त्यांनी शिष्य तयार करावेत अशी नम्र विनंती होती. सोबत एक चिठ्ठी होती, नागितायूंसाठी. पुढच्या महिन्यात मधला प्रवेश, मोलकरणींच्या गप्पा, वेळेवर यावं.

आता दर गुरुवारी सकाळी चौथ्या मजल्यावर पाच बायका सुई-दोरा घेऊन गोल बसतात आणि फुमिएला वाकून नमस्कार करतात. नागितायू आतल्या खोलीत मोलकरणींच्या गप्पा घोकत असतो.

"अहो," फुमिए हाक मारते, "बाहेर या जरा. पाचवा टाका यांच्या अजून लक्षात येत नाहीये. पिशवी बांधा आणि मरून दाखवा."

तो येतो, मधोमध बसतो, दोन्ही हात कपाळाला लावतो आणि शेवटचा प्रवेश अगदी पहिल्या ओळीपासून सुरू करतो. पाचही जणी सुया खाली ठेवून डोळे पुसायला लागतात.

"एवढ्या मागून नको हो," फुमिए वही उघडत म्हणते. "सुऱ्यापासून घ्या."