जन्माआधीचं कॉलेज

फॉर्म भरावा तो सदानंदराव पोखरकरांनीच, असं कुवेतच्या महबूला भागातल्या त्यांच्या इमारतीत सगळे म्हणत, आणि कोणी म्हटलं नाही तर ते स्वतः म्हणत. इकाम्याचं, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याचं, नूतनीकरण असो, ड्रायव्हिंग लायसन्स असो, नाहीतर कुणाच्या सासूबाईंचा व्हिजिट व्हिसा, सदानंदरावांनी भरलेला कागद खिडकीवरून परत आला असं कुवेतमध्ये कधी घडलं नव्हतं. पेशाने ते अकाउंटंट. रिकामा रकाना दिसला की त्यांचा जीव कासावीस होई. रकाना रिकामा म्हणजे शंकेला जागा, असं ते लोकांना बजावत, आणि लोक मान डोलावून आपले कागद त्यांच्या हाती सोपवत.

अशा माणसाची मुलगी बारावी झाली तर तिच्या अॅडमिशनची काळजी करायचं काही कारण नव्हतं. काळजी निराळीच होती. उर्वी एकुलती एक. कुवेतमधल्या एका खाजगी विद्यापीठात तिला बिझनेसला प्रवेश मिळाला तर ती घरी राहणार, संध्याकाळी बसमधून उतरणार, आल्याआल्या फ्रीज उघडून उभी राहणार. नाही मिळाला तर इंडियात होस्टेल. तिची आई, अंजूताई, होस्टेलचं नाव काढलं की उठून बाल्कनीत जात. सदानंदराव बाल्कनीत जात नसत, पण उर्वीशिवायचं घर त्यांच्याही डोळ्यांपुढे येत नव्हतं. आणलंच तर तिथे फक्त एसीचा आवाज ऐकू यायचा. तेव्हा पोरीला इथेच सीट मिळवून द्यायची आणि आपण स्वतः मिळवून द्यायची, असं त्यांनी ठरवलं.

शुक्रवारची दुपार. उर्वी मैत्रिणींबरोबर फहाहीलला गेली होती. सदानंदरावांनी जेवण आटोपून लॅपटॉप उघडला, शेजारी मुलीचे सगळे कागद मांडले आणि विद्यापीठाचा ऑनलाइन अर्ज सुरू केला. पहिल्याच पानावर प्रश्न आला: अर्जदार ‘फर्स्ट इयर’ की ‘ट्रान्स्फर’?

दुसरा कोणी घाईत काहीतरी टिचकवून मोकळा झाला असता. सदानंदरावांनी चष्मा पुसला. फर्स्ट इयर? पण पोरगी अजून फर्स्ट इयरला गेलीच कुठे होती? त्यासाठीच तर अर्ज! आणि समोर शाळेने दिलेला, प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचा, ठळक अक्षरांत मथळा छापलेला कागद होता: ट्रान्स्फर सर्टिफिकेट. शिवाय कुवेतमध्ये इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ट्रान्स्फरचं महत्त्व काय सांगायचं? नवा व्हिसा म्हणजे वणवण, आणि इथल्या इथे नोकरी बदलणारा ट्रान्स्फरचा माणूस म्हणजे कंपन्या हात जोडून उभ्या. त्यांनी ‘ट्रान्स्फर’वर टिचकी मारली, आणि आपल्या बारीक नजरेचं त्यांना मनापासून कौतुक वाटलं.

पुढच्या पानावर लाल फुली असलेला रकाना होता: याआधी कोणत्या कॉलेजात शिक्षण झालं? तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकेना. सदानंदराव थोडे घुटमळले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे मुलांच्या फॉर्मवर वडिलांचं शिक्षण विचारतातच. त्यांनी नगर जिल्ह्यातल्या आपल्या तालुक्याच्या कॉलेजचं नाव अभिमानाने लिहिलं, कधीपासून कधीपर्यंत तेही लिहिलं, उर्वीचा बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, जोडला, आणि अर्ज रवाना केला. एकही रकाना रिकामा नव्हता. मग ते समाधानाने झोपले.

दोन दिवसांनी जेवताना उर्वी फोन घेऊन आली. चेहरा पांढराफटक. तिला विद्यापीठाचा मेल आला होता. एकाच बताक्यावर आपले दोन अर्ज आले आहेत. पहिल्यात आपण कोणत्याही कॉलेजात गेलेल्या नाहीत असं म्हटलं आहे, दुसऱ्यात गेल्या आहात असं. खुलासा होईपर्यंत आपला मंजूर झालेला प्रवेश स्थगित करण्यात येत आहे.

“मंजूर झालेला?” सदानंदरावांच्या हातातला घास हातातच राहिला.

उर्वीने एप्रिलमध्येच, शाळेतल्या मॅडमबरोबर बसून, स्वतःचा अर्ज भरला होता. फर्स्ट इयरचा. त्यावर प्रवेशही मिळाला होता. फक्त बारावीची गुणपत्रिका जमा करायची राहिली होती.

“अगं, मग मला सांगायचं नाही का?”

“आय टोल्ड यू, बाबा. दोनदा. तुम्ही मला फॉर्म कसा भरायचा ते समजावत होता.”

अंजूताईंनी नवऱ्याच्या ताटातली पोळी उचलून डब्यात ठेवली. पोखरकरांच्या घरात याहून कडक शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी बापलेक विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयात हजर झाले. टेबलामागे हिजाब घातलेली एक तरुण अधिकारी होती, पाटीवर नाव जवेरिया. ती इंग्रजीत शांतपणे विचारत होती की दुसरा अर्ज कोणी भरला. सदानंदरावांनी उर्वीकडे झुकून, तोंडावर हसू ठेवून, मराठीत सुचवलं, “हिला सांग, कॉम्प्युटरनेच आपोआप भरला. या बाईला कॉम्प्युटरमधलं काही कळत असेल असं वाटत नाही.”

“काका,” जवेरिया म्हणाली, “कॉम्प्युटर आपणहून काय भरत नाय.”

ती दापोलीकडची निघाली. जन्म कुवेतचा, अब्बांचं फहाहीलला दुकान, आणि घरात बोली अजून दापोलीची. सदानंदरावांना वाटलं, वाळवंट आहे, जमीन दुभंगायला काय हरकत आहे. पण जवेरियाने ते मनावर घेतलं नाही. तिने दोन्ही अर्ज समोर ठेवले आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. शाळेतून थेट येतो तो फर्स्ट इयर. त्याला बारावीचे मार्क आणि इंग्रजीची परीक्षा. दुसऱ्या कॉलेजात शिकून मधूनच इथे येतो तो ट्रान्स्फर. त्याला त्या कॉलेजची गुणपत्रिका, तिथले क्रेडिट्स आणि वागणूक चांगली असल्याचं पत्र. शाळेच्या दाखल्यावर ट्रान्स्फर लिहिलेलं असतं, ते शाळा सोडली म्हणून.

“आणि काका, तुम्ही लिहिलेल्या तारखा बघा. त्या हिशेबाने उर्वीचं कॉलेज तिच्या जन्माच्या आधीच संपलंय.”

सदानंदरावांनी तारखा पाहिल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढलेल्या माणसाने मान खाली घातली.

उपाय साधा होता. ज्या कॉलेजचं नाव दिलंय त्यांनी एक पत्र पाठवावं, की ही मुलगी आमच्याकडे कधीही शिकलेली नाही. गुरुवारपर्यंत ते आलं की ट्रान्स्फरचा अर्ज रद्द होईल आणि पहिला जिवंत. त्यानंतर मात्र जवेरियाच्या हातात काही नाही, कारण यादी समितीकडे जाते. सदानंदरावांना हायसं वाटलं. त्या कॉलेजचा आजचा प्राचार्य नंदकुमार, त्यांचा होस्टेलमधला जिवाभावाचा मित्र! परतताना गाडीत ते उर्वीला म्हणाले की माणसं जोडून ठेवावीत ती अशासाठी. उर्वी खिडकीबाहेर बघत राहिली.

फोन ऑफिसातून करावा लागला. पलीकडच्या टेबलावर मॅनेजर बसलेला, त्यामुळे सदानंदराव कोपऱ्यात तोंड करून, आवाज अगदी खाली आणून बोलले.

“नंद्या, मुलीसाठी एक पत्र पाहिजे रे. इथल्या युनिव्हर्सिटीला द्यायचंय. ती आपल्या कॉलेजात नव्हती ना, त्याबद्दल.”

“नव्हती?”

“नव्हती रे. कशी असेल?”

नंदकुमारचा आवाजही खाली आला. “समजलो. फोनवर पुढचं बोलू नकोस. मुलीचं पूर्ण नाव आणि त्यांचा मेल पाठव. सद्या, मित्र कशाला असतात?”

पत्र दुसऱ्याच दिवशी थेट विद्यापीठाला गेलं. आपल्याकडच्या कॉलेजातून कागद एका दिवसात निघाला, एवढ्यावरूनच सदानंदरावांना संशय यायला हवा होता. पण ते खुशीत होते. त्यांनी येताना बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानातून, आइस्क्रीम आणलं, आणि अंजूताईंनी त्या संध्याकाळी त्यांना गरम पोळी वाढली.

गुरुवारी जवेरियाने दोघांना बोलावलं. तिने पत्र वाचून दाखवलं, चेहरा शक्य तितका सरळ ठेवून. कुमारी उर्वी सदानंद पोखरकर ही आमच्या महाविद्यालयाची दोन वर्षे नियमित विद्यार्थिनी होती. ती प्रत्येक परीक्षेत विशेष प्रावीण्याने उत्तीर्ण झाली. वक्तृत्वात तिने जिल्ह्यात नाव काढले. मुलींच्या कबड्डी संघाची ती कर्णधार होती. तिच्या ट्रान्स्फरमुळे महाविद्यालयात पोकळी निर्माण झाली आहे. खाली प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का.

उर्वीने ते पत्र हातात घेतलं आणि सावकाश परत वाचलं.

“कॅप्टन,” ती पुटपुटली.

सदानंदराव धावत बाहेर गेले आणि नंदकुमारला फोन लावला. नंदकुमारला त्यांची तक्रारच कळेना. गल्फमधून मित्र कुजबुजत फोन करतो, मुलीसाठी कॉलेजचं पत्र मागतो, वर ती कॉलेजात नव्हती असंही सांगतो, तर माणसाने दुसरं काय समजायचं? नसलेलं आहे म्हणून दाखवण्यासाठीच पत्रं मागतात लोक. नसलेलं नाही म्हणून दाखवायला पत्र मागणारा त्याला पहिल्यांदाच भेटला होता. आता ते मागे घे म्हटल्यावर तो कळवळून म्हणाला, “म्हणजे मी खोटं पत्र दिलं असं लिहून देऊ? माझ्या पेन्शनचं काय?”

सदानंदराव आत आले तेव्हा त्यांना बघूनच जवेरियाला उत्तर कळलं. आपला त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे, ती म्हणाली. पण फाईलचा नाही. फाईलमध्ये आता तीन उर्व्या होत्या. एक कॉलेजात कधीच गेली नव्हती, एक जन्माआधी जाऊन आली होती, आणि एक परवापर्यंत कबड्डी खेळत होती. समिती यातली एकही उर्वी यंदा घेणार नव्हती.

“मग पोरीने करायचं काय?” सदानंदरावांनी विचारलं.

जवेरियाने उर्वीकडे बघून सांगितलं की इथल्या बाकीच्या युनिव्हर्सिट्यांच्या तारखाही गेल्या आहेत. तेव्हा वर्षभर कुठेतरी खरोखरचं कॉलेज करायचं, आणि पुढच्या वर्षी ट्रान्स्फर म्हणून अर्ज करायचा.

“तो अर्ज तू भर,” ती म्हणाली. “एकटीने.”

ऑगस्ट उजाडला होता. अशा अवेळी मुलीला दाखल करून घेणारं कॉलेज अख्ख्या जगात एकच होतं. नंदकुमारला अपराधी वाटत होतं, त्यामुळे त्याने एका शब्दात होकार दिला. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला घेतो, तू फक्त कागद पाठव, बाकीचं माझ्यावर सोड. सदानंदरावांनी कागद पाठवले. यावेळी फॉर्म उर्वीने भरला आणि त्यांनी नुसतं शेजारी बसून पाहिलं. एक रकाना तिने रिकामा सोडला, तरीही ते काही बोलले नाहीत.

बॅगा भरताना अंजूताईंनी नवऱ्याला एकदाही दोष दिला नाही, आणि तेच त्यांना सोसवेना. त्या निमूट मेथीचे ठेपले गुंडाळत होत्या. सदानंदराव खोलीत येत, काहीतरी शोधल्यासारखं करत आणि परत जात. पोरीला घरी ठेवायचं म्हणून केलं, आणि आपल्याच हाताने तिला घराबाहेर काढलं. हे त्यांना अंजूताईंना सांगायचं होतं. त्याऐवजी त्यांनी पासपोर्ट घेतला का असं विचारलं, चौथ्यांदा.

विमान दुपारचं होतं. विमानतळावर उर्वीने आईला घट्ट मिठी मारली, मग बापाला. “इट्स ओके, बाबा,” ती म्हणाली, आणि मग, अगदी हळू, मराठीत, “मी रोज फोन करीन. तुम्ही फक्त ऐकायचं.” सदानंदरावांनी मान हलवली. ती ट्रॉली ढकलत आत गेली, काचेपलीकडच्या रांगेत तिची पाठ थोडा वेळ दिसली, मग दिसेनाशी झाली. सदानंदरावांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

तेवढ्यात नंदकुमारचा फोन आला. सदानंदराव नाक ओढत म्हणाले की उर्वी आत गेली, उद्या पोचेल, स्टँडवर घ्यायला कोणालातरी पाठव.

“पोचेल म्हणजे?” नंदकुमार म्हणाला. “ती खरंच येतेय?”

“म्हणजे काय, नंद्या? अॅडमिशन घेतलीय ना तिथे?”

“अरे, अॅडमिशन घेतलीय म्हणून काय यायलाच पाहिजे का? कॉलेज सुरू झाल्यापासून मी तिची हजेरी लावतोय. परीक्षेपुरती आली असती तरी चाललं असतं. पोरीला उगाच एवढ्या लांब कशाला पाठवलंस? मला एका शब्दाने विचारायचंस तरी.”

सदानंदरावांनी फोन कानावरून खाली घेतला. त्यांनी काचेकडे पाहिलं. तिथे आता दुसऱ्याच लोकांची रांग होती.

“काय म्हणतायत भाऊजी?” अंजूताईंनी डोळे पुसत विचारलं. “कोण येणार आहे तिला घ्यायला?”

“कोणी नाही,” सदानंदराव म्हणाले. “तो म्हणतो, पोरगी तिकडे पोचून महिना झाला.”