बंडोपंतांचे कंट्रोलर

आमच्या समोरचे सिद्रामअप्पा आपल्या कुत्र्याला अहो-जाहो करतात. "अहो, उठता का? ऊन आलंय अंगावर," असं सकाळी त्यांच्या ओट्यावरून ऐकू आलं की नवख्या माणसाला वाटतं, घरात कुणी थोरले पाहुणे उतरलेत. मग तो डोकावतो, तर तरटावर एक म्हातारं कुत्रं पसरलेलं असतं आणि अप्पा त्याच्या समोर अदबीनं उभे असतात.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी कुत्र्याचं नाव बंड्या होतं आणि अप्पा त्याला "ए बंड्या, हो तिकडं" असंच म्हणत. बदल झाला तो जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टर तपासता तपासता सहज म्हणाले, "अप्पा, माणसाच्या मानानं बघितलं तर हा आता तुमच्यापेक्षा मोठा झाला." डॉक्टर बोलून विसरले. अप्पांनी मात्र ते मनावर घेतलं.

"वडीलधाऱ्या माणसाला अरे-तुरे कसं करायचं, बाई?" संध्याकाळी त्यांनी मला विचारलं. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळं असले प्रश्न ते माझ्याकडंच आणतात. त्या दिवसापासून बंड्याचे बंडोपंत झाले.

अप्पा निलंग्याच्या बसस्थानकावर कंट्रोलर होते. सगळी नोकरी भोंग्यावर गाड्या पुकारण्यात गेली. बंड्या तिथंच मिळाला. देगलूरहून आलेल्या गाडीत मागच्या सीटखाली कंडक्टरला एक काळं पिल्लू सापडलं. अप्पांनी रीतसर पुकारा केला, "देगलूर गाडीत एक पिल्लू राहून गेलेलं आहे. ज्यांचं असेल त्यांनी चौकशीच्या खिडकीपाशी यावं." हरवलेल्या पिशव्या-छत्र्यांसारखा हा पुकारा बरेच दिवस चालला. कुणी आलं नाही, तेव्हा अप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, आता घरी आणा. काकू गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. लेक सविता लातूरला असते. घरात राहिले दोघं.

नोकरी संपली तरी अप्पांची भाषा स्टँडवरचीच राहिली. बंडोपंत झोपले की "गाडी डेपोत लागली." लिंबाच्या झाडापर्यंत जाऊन आले की "एक फेरी झाली." मधेच बसले की "ब्रेकडाऊन." मागच्या पायांतलं बळ गेल्यापासून अप्पा जुन्या चादरीची पट्टी त्यांच्या पोटाखालून घेतात, तिची दोन्ही टोकं वर धरतात आणि मागून चालतात. स्वतः अप्पाही गुडघ्यांनी अधू. दोघं असे डुलत डुलत निघाले की गल्लीतले लोक विचारतात, "अप्पा, कोण कुणाला फिरवून राहिलंय?" अप्पा शांतपणे म्हणतात, "धक्कास्टार्ट हाय. बाजूला व्हा."

बंडोपंतांच्या तब्येतीसाठी अप्पांनी घराचं जे काही करून ठेवलंय, ते बघायला एकदा यावं. शहाबादी फरशीवर पाय घसरतात म्हणून खोलीभर तरटं अंथरलीत आणि कडा दगडांनी दाबल्यात. खाली वाकलं की मान अवघडते म्हणून जेवणाची वाटी पाटावर. ओट्याच्या पायरीला फळी लावून उतार केलाय. नखं वाढली की चाल बिघडते, म्हणून दर थोड्या दिवसांनी अप्पा कात्री घेऊन बसतात आणि त्या वेळी कुणाशी बोलत नाहीत. उन्हाळ्यात कूलरचं तोंड बंडोपंतांकडं असतं. अप्पा पंचा भिजवून खांद्यावर टाकतात आणि म्हणतात, "मला काय, मी बाहेर जाऊन येऊ शकतो."

त्यांच्या घरातली वस्तू कुणी हलवायची नाही. माझ्या सासूबाई एकदा तिथं गेल्या आणि बसायला स्टूल भिंतीकडं ओढलं. अप्पा लगबगीनं आले. "आक्का, स्टूल होतं तिथं ठेवा. त्यांना दिसत न्हाई, पण घर पाठ हाय."

बंडोपंतांना ऐकूही येत नाही. झोपेतल्या बहिऱ्याला एकदम हात लावला तर तो दचकतो आणि चावूही शकतो, म्हणून आधी जमिनीवर पाय आपटायचा, मग नाकासमोर हात धरायचा, मग अंगाला हात लावायचा. ही रीत अप्पांनी दूधवाल्यापासून टपालवाल्यापर्यंत सगळ्यांना शिकवली. पुढं सासूबाईंना कमी ऐकू यायला लागलं, तर एका दुपारी अप्पा आमच्या दारात उभे राहून जोरजोरात पाय आपटत होते. सासूबाई बाहेर आल्या. "बघा," अप्पा मला म्हणाले, "चालतंय."

अंड्यांचं प्रकरण तर गल्लीत गाजलं. अप्पांच्या घरात अंडं कधी आलेलं नाही. पण बंडोपंतांचे दात पडले, भाकरी चावेना, अंग उतरायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी मऊ भात आणि उकडलेलं अंडं द्यायला सांगितलं, मीठ-मसाला न घालता. अप्पा पंच्यात गुंडाळून अंडी आणू लागले आणि परसात वेगळ्या पातेल्यात उकडू लागले. वास लपतो थोडाच. मठातल्या भजनाला कुणीतरी विचारलंच, "अप्पा, ह्या वयात सुरू केलं म्हणं?" अप्पा म्हणाले, "माझी न्हाईत. बंडोपंत खातात." सगळे हसले. कुणाचाही विश्वास बसला नाही. अप्पांना त्याचं लई लागलं, पण अंडं बंद झालं नाही. भजनाला जाणं बंद झालं.

गुडघेदुखी दोघांनाही. अप्पांनी एकदा स्वतःची गोळी अर्धी मोडून त्यांना द्यायचं ठरवलं होतं. सुदैवानं आधी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर ओरडलेच, माणसाची दुखण्याची गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतते. अप्पांनी हात जोडले आणि मग विचारलं, "माझी त्यांना चालत न्हाई. त्यांची मला चालंल का?"

हे सगळं हसत हसत चाललं होतं. पण अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता, ते आम्हाला कळत होतं. ते वाटीच्या बाजूला पाणी ओतत. समोरून मी गेले तर आवाज आल्याशिवाय ओळखत नसत. सविता दर खेपेला येऊन सांगायची, "अप्पा, लातूरला चला, ऑपरेशन करून घेऊ." अप्पांचं उत्तर ठरलेलं, "अन् बंडोपंतांना कोण बघंल? तुझं घर वरच्या मजल्यावर. ते जिना चढतेत का?" सविता रडकुंडीला येऊन परत जायची.

एका सकाळी मी वाटीभर ताक घेऊन गेले, तर अप्पा बंडोपंतांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. एका हातानं पापणी वर केलेली, दुसऱ्या हातात बाटली. माझी नजर बाटलीवर गेली.

"अप्पा, थांबा. हे कानाचं औषध आहे."

त्यांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी बाटली डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, उजेडाकडं फिरवली. शेवटी माझ्या हातात दिली.

"कानाचं?"

"हो. डोळ्यांचं ते तिकडं, फळीवर."

"अन् टाकलं असतं तर?"

अप्पा बराच वेळ बंडोपंतांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बाई, सविताला फोन लावून द्या."

लेकीला दोन वर्षं जमलं नाही ते त्या बाटलीनं केलं.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या होत्या, त्यामुळं बंडोपंत माझ्याकडं सोपवायचे ठरले; ते राहणार त्यांच्याच घरात, मी समोरून जाऊन बघणार. जाण्याआधी अप्पांनी सगळ्या सूचना पुकारा केल्यासारख्या सांगितल्या. पाणी सारखं बदलायचं. एकदम पोटभर द्यायचं नाही, थोडं थोडं द्यायचं. एकाच कुशीवर फार वेळ पडू द्यायचं नाही, कातडी सोलते. तरट ओलं झालं तर लगेच दुसरं टाकायचं, पण रागवायचं नाही. "त्यांना स्वतःलाच लाज वाटती," अप्पा म्हणाले.

"आणि फटाके?"

"ऐकू येत न्हाई. तेवढं एक बरं झालं."

सविता गाडी घेऊन न्यायला आली. गाडी वळली तरी अप्पा काचेतून मागं बघत होते. काय दिसत असेल कुणास ठाऊक.

बंडोपंतांनी त्या दिवशी तोंडात काही घेतलं नाही. मी भात केला, अंडं कुस्करलं, वाटी पाटावर ठेवली. त्यांनी मान वळवली. दुसऱ्या सकाळीही तेच. दाराकडं तोंड करून पडून राहायचे, ऊन अंगावर आलं तरी हलायचे नाहीत. मला धास्ती वाटायला लागली. अप्पांच्या डोळ्याला पट्टी असताना इथं काही बरंवाईट झालं, तर मी काय सांगणार होते?

दुपारी अप्पांचाच फोन आला. ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं. मला खोटं बोलता आलं नाही. "अप्पा, ते जेवत नाहीत."

मग त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही काय म्हणून बोलवून राहिल्या त्यांना?"

"बंड्या म्हणते."

"हं."

"अप्पा, त्यांना ऐकू येत नाही."

"त्यांना न्हाई येत. तुम्हाला येतंय न्हा?"

मला जरा रागच आला. पण दुसरा उपाय नव्हता. फोन बाजूला ठेवून, कुणी बघत नाही ना हे पाहून मी म्हटलं, "बंडोपंत, जेवायला चला." आणि म्हटल्यावर कळलं की आता वाटी पायानं पुढं सरकवून उभं राहणं बरं दिसत नाही. मी खाली बसले. पाय आपटून झाला, नाकासमोर हात धरून झाला. मग बोटानं थोडा भात त्यांच्या ओठाला लावला. "अहो, घ्या थोडं." त्यांनी हुंगलं. माझा हात चाटला. मग हळूहळू, थांबत थांबत, माझ्या हातातून अर्धी वाटी भात खाल्ला.

फोन चालूच होता. "खाल्लं, अप्पा."

"हाव," ते म्हणाले. "बाई, एक काम करा. झोपले की फोन त्यांच्या नाकापाशी धरा जरा."

पोटात अन्न गेल्यावर बंडोपंत लगेच झोपले. मी फोन नाकाशी धरला. त्यांचा श्वास जड होता, मधूनच घरघरायचा. मी बसून राहिले. हात अवघडला, तेव्हा फोन कानाला लावला. मला वाटलं लाईन तुटली.

"अप्पा?"

"हाय, हाय," ते हळू म्हणाले. "हितं सविताचं घर लई चांगलं हाय, बाई. सगळे जीव लावतेत. पण मला वेगळी खोली दिलीय. खोलीत दुसरा श्वास न्हाई. तुमच्या काकू गेल्यावर लोक म्हणले, सवय होईल. मला सवय करायची पाळीच आली न्हाई. हे होते."

त्यानंतर रोज दुपारी फोन यायचा. मी काही विचारत नसे. फोन तरटावर ठेवून देत असे आणि माझं वाचत बसत असे.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सविता अप्पांना घेऊन आली. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, अंगात नवा सदरा. उतरल्या उतरल्या ती मला म्हणाली, "ताई, ह्यांना खाली वाकू देऊ नका. वजन उचलायचं नाही." अप्पांनी ऐकून घेतलं, भिंतीला पाठ लावली आणि मान ताठ ठेवून सरळ खाली सरकत तरटावर बसले. वाकले नाहीत. सविता कपाळाला हात लावून आत गेली.

अप्पांनी जमिनीवर तळहात आपटला. बंडोपंतांचे कान हलले. अप्पांनी हात पुढं धरला. बंडोपंतांनी हुंगलं, परत हुंगलं आणि उठायचा प्रयत्न केला. मागचे पाय उठेनात. मी चादरीची पट्टी घ्यायला वळले, तर अप्पा म्हणाले, "राहू द्या. मीच सरकतो." ते सरकले. बंडोपंतांनी डोकं त्यांच्या मांडीवर टाकलं, शेपटी तरटावर दोनदा घासली आणि मोठा श्वास सोडला.

मग अप्पांनी चष्मा काढला. दारातून ऊन येत होतं. ते मांडीवरच्या तोंडाकडं बघत राहिले. बोटानं त्यांनी नाकापासून कपाळापर्यंत हळूच रेघ ओढली, मग भुवया, मग कानाच्या पाळ्या. सगळं पांढरंशुभ्र झालं होतं. काळा केस शोधूनही सापडला नसता.

"बाई, हे एवढे पांढरे कधी झाले?"

"हळूहळू झाले, अप्पा. दोन-तीन वर्षांत."

त्यांनी मान हलवली. इतके दिवस त्यांच्या डोळ्यांपुढं बंडोपंत काळेच होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"मी तर हितंच होतो," अप्पा म्हणाले. आणि चष्मा बाजूला ठेवून, मान न वाकवता, ते नुसते बघत बसले.