फक्कीच्या भिंती

आमचं घर बांधायच्या आधी महिनाभर आम्ही त्यात राहिलो. म्हणजे तात्याकाकांनी आम्हांला राहायला लावलं. रत्नागिरीत वरच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, आम्ही जागा घेतली होती. तिथं त्यांनी चुन्याच्या फक्कीनं अख्खं घर खऱ्या मापानं आखलं होतं, आणि त्या रेघांना ते भिंती म्हणत.

"भिंतीला मान द्या!" हे त्यांचं ब्रीद. माझे वडील त्यांचे धाकटे भाऊ. एकदा ते घाईघाईनं माजघरातून थेट अंगणात आले.

"कुठून आलास?"

"माजघरातून."

"भिंतीतून? जा परत. दारातून ये."

वडील वकील, कोर्टात लोक त्यांना दबून असत. पण ते मुकाट्यानं मागे गेले आणि दारातून आले. एकदा कुणाची तरी गाय देवघरातून चालत निघाली. तात्याकाका काठी घेऊन तिच्यामागे धावले, पण तेही दाराला वळसा घालून. तोवर गाय स्वयंपाकघर ओलांडून गेलीसुद्धा.

त्यांचा जन्म मोजणीच्या नोकरीत गेला होता. तरी कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. "कागदावरच्या घरात मुंग्या राहतात," ते म्हणत, "माणसानं चालून बघावं." आईला त्यांनी रिकामं पातेलं घेऊन चुलीपासून पानांपर्यंत चालवलं. तिसऱ्या खेपेला आई म्हणाली, "भावोजी, इथवर येईतो आमटी गार होईल हो." चूल तिथल्या तिथं सरकली. रोज संध्याकाळी या घराची कागदावर प्रत करायचं काम माझं. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला रेघ सरळ मारता येते, अशी त्यांची समजूत होती. मी फारसं बोलत नसे, तेही त्यांना सोयीचं वाटत असावं.

बाकीचं घर पंधरा दिवसांत ठरलं. एक खोली मात्र ठरेना. तिचं नावही ते सांगत नसत. "मोकळी सोड," एवढंच.

ती आक्काआत्यासाठी होती, हे मला हळूहळू उमगलं. आत्या त्यांची थोरली बहीण. पंधराव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परतली, त्याला चाळीस वर्षं झाली. जुन्या घरात ती बाळंतिणीच्या खोलीत निजे. तिथं खिडकी नव्हती. कुणी बाळंतपणाला आलं की तिची वळकटी स्वयंपाकघरात जाई. पहिल्याच दिवशी तात्याकाकांनी विचारलं होतं, "आक्का, तुझी खोली कुठं काढू गो?"

"मला कशाला रे खोली? बाळंतिणीची असतेच की रिकामी."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण रोज काही ना काही निवडण्याटिपण्याच्या निमित्तानं ते तिला सड्यावर आणत. ती रेघांबाहेर काजूच्या झाडाखाली बसे. दुसऱ्या दिवशी भिंत काजूपर्यंत येई. "तुमच्या घरात माझी अडचण नको," म्हणत आत्या चार हात पलीकडे सरके. माझ्या कागदावर घराला मागून शेपूट फुटत चाललं होतं.

गणू गवंडी वैतागला. "तात्यानू, चिरे येऊन पडलेत. उद्या पाया आखून द्या, नायतर मी चिपळूणच्या कामावर जातो. मग पावसाआधी छप्पर विसरा."

वडील म्हणाले, "उद्या ठरलं नाही तर मीच ठरवतो. शेपूट कापून. बाळंतिणीची खोली आहे ती पुरे."

दुसऱ्या दिवशी वारा होता. बैठकीच्या खोलीतल्या पश्चिमेच्या कोपऱ्याच्या रेघा पुसून गेल्या होत्या. आत्या तांदूळ घेऊन आली. पाखडायला वारा हवा, म्हणून काजू सोडून ती सरळ त्या कोपऱ्यात जाऊन बसली. समोर खाली मिरकरवाड्याचं बंदर. तांदूळ पाखडून झाले, निवडून झाले, तरी ती उठेना.

"सात शिडं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आठवं वळतंय बघ."

आत्या आपणहून असं काही सांगत नसे. ती घरात बसली आहे, हे तिला सांगायला मी तोंड उघडलं. तात्याकाकांनी ओठांवर बोट ठेवलं.

आत्या काजूकडे गेल्यावरच त्यांनी फक्कीची पाटी उचलली. मापाची काठी बाजूला पडली होती. सांडलेल्या कोंड्याभोवती त्यांनी नजरेच्या अंदाजानंच चौकोन ओढला.

"नाव काय लिहू?" मी विचारलं. "आत्याची खोली?"

"वेडी की काय! वाचलंन् तर वळकटी उचलून मागे जाईल. कोठी लिही."

संध्याकाळी गणूनं कागद उलटासुलटा करून पाहिला. "कोठी पुढच्या अंगाला? वर दोन खिडक्या? पश्चिमेची झड सगळी आत येईल, तात्यानू."

"झडीला माडाचे झाप लावू. तांदळाला वारा लागतो."

गणूनं त्यांच्याकडे पाहिलं. मग काजूखाली सूप झटकणाऱ्या आत्याकडे पाहिलं. मग दोरीचं टोक खुंटीला बांधायला खाली वाकला.

"तर मग खिडकी जरा खाली घेतो," तो म्हणाला. "तांदळाला बसल्या जागी बंदर दिसायला हवं."