मातीला निघालेल्या गाडीचे दिवे

साडेदहाला फोन आला तेव्हा बाहुबली सर दाढी करत होते. फोन तारामतीनं घेतला, "व्हय... कवा?... व्हय," एवढंच बोलली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर खाली बसली. तिचे आप्पा गेले होते. आप्पा म्हणजे थोरला भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा ह्याच आप्पांनी वेड्यावाकड्या वेण्या घालून तिला शाळेत धाडलं होतं. माहेर संकेश्वरच्या पुढं, हायवे सोडून चार किलोमीटर आत. निपाणीतनं तासाभराचा रस्ता. भाच्याचा, अभिनंदनचा निरोप असा होता : "माती साडेतीनला उचलणार. आत्तीला तोंड बघायचं असंल तर लवकर या. दिवस बुडायच्या आत सगळं आटपायचं हाय, थांबता येणार न्हाय."

आता ह्यात अडचण कसलीच नव्हती. पाच तास हातात, तासाभराचा रस्ता आणि दारात गाडी उभी. पण ती गाडी बाहुबली सरांची होती. (निपाणीतल्या माणसाला एवढं सांगितलं की तो मान हलवून उठून जाईल. बाकीच्यांना पुढचं ऐकावं लागेल.)

गाडी पांढरी, लहानशी, पोरगा पाळण्यात असताना घेतलेली. पोरगा पुण्याला नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, गाडी मात्र आहे तिथंच. आणि सरांनी एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलेलं. विजेचा धडा म्हणजे त्यांचा हातखंडा. फळ्यावर सेल, स्विच आणि बल्ब काढायचे, रेघा जोडायच्या आणि शेवटी बल्बाभोवती पिवळ्या खडूनं किरण काढायचे. एकतीस वर्षांत फळ्यावरचा बल्ब एकदाही लागला नाही असं झालं नाही. त्यामुळं गाडीच्या वायरिंगला परक्याचा हात लागू द्यायचा नाही, हा त्यांचा बाणा.

अकराला दोघं गाडीत बसली. सरांनी गाडी मागं घेतली, ब्रेक दाबला आणि शेजारच्या राजाबाई कुंपणावरून ओरडल्या, "सर, तुमचं ब्रेकचं लाइट लागंना की वो! पिवळंच मिचकावायलंय."

सर खाली उतरले.

"अवो, दिवसाउजेडी लाइट कशाला पायजे?" तारामती म्हणाली.

"तारा, हायवे हाय त्यो. आपण ब्रेक मारल्यालं मागच्या ट्रकवाल्याला कळलं न्हाय, तर आप्पांच्या शेजारी आपली दोघांची लाकडं रचायला लागतील. दहा मिनिटांचं काम हाय."

बोलणं चुकीचं नव्हतं, हेच वाईट झालं. सरांनी नवा बल्ब घातला, आत जाऊन बसले आणि तारामतीला गाडीच्या मागं उभं केलं.

"लागला?"

"लागला."

"लाल?"

"पिवळा. डावीकडचा."

"पिवळा कसा लागंल? मी ब्रेक दाबलाय!"

"मला काय इचारताय? लागलाय त्यो सांगतीया."

"आता?"

"आता पिवळा गेला. पुढचं लाइट बारीक झालं."

"आता इंडिकेटर देतो. बघ."

"आता सगळीच लागली," म्हणाली आणि तिला हुंदका आवरला नाही. "आप्पा रं माझ्या!"

"रडू नगंस. नीट बघ. उजवीकडचा लाल लागलाय का न्हाय?"

(बायकोचा भाऊ गेलेला असताना तिला असं विचारणारा माणूस दगडच म्हणायचा. पण सर दगड नव्हते. त्यांच्यापुढं परिपथ होता, आणि परिपथापुढं त्यांना माणूस दिसत नसे.)

बारा वाजता सरांनी कॅलेंडरच्या पाठीवर गाडीच्या वायरिंगचं चित्र काढलं. चित्रात सगळे दिवे व्यवस्थित लागत होते.

"परशरामला बोलवा की," तारामती म्हणाली. परशरामचं स्टँडजवळ गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. सरांनी नाइलाजानं फोन लावला. तो म्हणाला, "सर, बल्बला हात लावू नका. आधी अर्थ बघा, अर्थिंग." सरांनी फोनच ठेवला.

"दहावीला विजेच्या धड्यावर ह्याला मी भोपळा दिलाय. ह्यो मला अर्थ शिकवणार?"

मग त्यांनी पक्कड घेतली. एक वायर तोडली, दुसरीला जोडली. तिसरी कशाची ते कळेना, म्हणून ती काढून टेप लावून बाजूला ठेवली. दीड वाजता ब्रेक दाबला, तर हॉर्न वाजला. परत दाबला, परत वाजला. सर कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "काय का असंना, मागच्याला कळल्याशी कारण!"

तारामती पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिचं रडं थांबलं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात असं झालं की पुढं काहीतरी होतं, हे सरांना ठाऊक होतं, पण त्यांचं डोकं बॉनेटमध्ये होतं. ती उठली, चालत स्टँडवर गेली आणि परशरामला त्याच्या स्कूटरवर मागं बसून घेऊन आली.

परशरामनं बॉनेटमध्ये एकदा वाकून बघितलं. बॅटरीची काळी वायर गाडीच्या पत्र्याला जिथं बोल्टानं आवळलेली असते, तीच अर्थाची जागा. तिथं बोल्ट दिसतच नव्हता. एक लाल-पिवळा गोळा होता, वरनं हिरवट बुरशी आलेली.

"सर, खंडेनवमीला पूजा कुठं करताय गाडीची?"

"इथंच की. यंत्राची पूजा यंत्रालाच केली पायजे. बाहेर बंपरला टिळा लावून काय उपयोग?"

"आणि नारळाचं पाणी?"

"इथंच, ह्याच बोल्टावर. गोल हाय, वर आलाय, हळदीकुंकू लावायला सोयीचा पडतोय. सव्वीस वर्षं झाली. एक बी दसरा चुकला न्हाय."

"व्हय, दिसतंय की," परशराम म्हणाला.

त्यानं कानशीनं सव्वीस दसरे खरवडून काढले आणि बोल्ट आवळला. दिवे लख्ख लागले. पण सरांनी बाजूला ठेवलेली ती तिसरी वायर बॅटरीच्या चार्जिंगची निघाली. ती आणि हॉर्न ठीक करायला तास-दीड तास लागणार होता. पावणेतीन वाजले होते.

"वाजू दे हॉर्न. चला," तारामती म्हणाली.

"जाईल गाडी," परशराम म्हणाला. "पर सर, हेडलाइट लावू नका. बॅटरीत हाय तेवढ्यावरच चालायचंय."

तवंदी घाटाच्या प्रत्येक वळणावर गाडी बोंबलत गेली. बाजूचे ट्रकवाले आधी शिव्या देत, मग आत पदर तोंडाला लावलेली बाई बघून गप्प होत. आणि घाट संपल्यावर सरांनी हेडलाइट लावले. का लावले? सहा महिन्यांत पहिल्यांदा दोन्ही दिवे एकदम लागत होते. बघितल्याशिवाय राहवेना. उन्हात लागलेले नीट दिसेनात, म्हणून तसेच राहू दिले.

हायवे सोडून आत वळले तेव्हा पावणेचार झाले होते. गावाच्या अलीकडं स्मशान लागतं, ते मागं पडलं. पुढं रस्ता एक गाडी जाईल एवढाच, एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला कालवा. आणि समोरून माती आली. पुढं मडकं धरलेला अभिनंदन, मागं चौघांच्या खांद्यावर आप्पा.

सरांनी ब्रेक दाबला. गाडी बोंबलली. सर घाबरले, पाय सुटला, परत दाबला, परत बोंबलली.

"कोण रं त्यो? मातीत हॉर्न वाजवायलाय! लाज हाय का न्हाय?"

हेडलाइट थेट आप्पांच्या तिरडीवर पडले होते. ते हळूहळू तांबूस झाले आणि विझले. हॉर्न शेवटचा कण्हला आणि इंजिन बंद पडलं. सरांनी किल्ली फिरवली, टक् असं वाजलं, बाकी काही नाही.

सगळं थांबलं. तिरडीला पुढं जायला वाट नव्हती आणि, गावातले म्हातारे मारुतीराव म्हणाले तसं, "घरातनं निघाल्याली माती मागं फिरवायची न्हाय." मग त्यांनीच खूण केली आणि तिरडी रस्त्यावर टेकवली. "विसावा हितंच म्हना. बहीण आलीया. तोंड उघडा."

तारामती उतरली. तिनं आप्पांचे कपाळावर आलेले केस मागं सारले, गालाला हात लावला आणि म्हणाली, "उशीर झाला आप्पा मला. लई उशीर झाला." आणि मग ती रडली, सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं रडली. सर गाडीत स्टिअरिंगला धरून बसले होते. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पण रस्ता मोकळा व्हायला हवा होता. कालव्यात ढकलता येईना, उसात घालता येईना. गाडी मागं सारत न्यायची, तर मोकळी जागा एकच, स्मशानाची. खांदा द्यायला आलेल्यांतले चार तरणे गडी गाडीच्या तोंडाला लागले आणि आप्पांना उचलायला पन्नाशीच्या पुढचे उरले. "दब्ब्री, दब्ब्री!" म्हणजे ढकला, ढकला, असा कुणीतरी कन्नडात जोर देत होतं. सर आत बसून उलटे चालले होते. समोर काचेत आप्पा, त्यांचा चेहरा पुन्हा झाकलेला, आणि मधे चार घामेजलेली तोंडं, जी सरांकडं बघायचं टाळत होती. अशा रीतीनं स्मशानात आप्पांच्या आधी बाहुबली सर पोचले.

दिवस बुडायच्या आत सगळं उरकलं. अंघोळी झाल्या. शेजारच्या घरातनं पिठलं-भाकरी आली, जैनांचं घर, अंधार पडायच्या आत दोन घास खाऊन घ्यायचे म्हणून सगळे घाईनं बसले. सरांनी तारामतीला पडवीत गाठलं.

"तारा," ते हळूच म्हणाले, "गाडी तिथं बंद पडली म्हणून तरी तुला तोंड बघायला मिळालं. न्हायतर चुकलंच असतं."

तारामतीनं डोळे पुसले आणि त्यांच्याकडं नीट बघितलं.

"एक ऐकून ठेवा. उद्या माझं बरंवाईट झालं, तर चार माणसं बोलवा आणि मला चालत न्या. गाडी काढतो म्हणालासा, तर मी उठून माझी माझी चालत जाईन."