हयातभराचं तेल

जगातली कुठलीही चूक दुरुस्त करता येते. अट एवढीच, की ती दुसऱ्याची असावी. या सत्याची अत्यंत शिस्तबद्ध प्रचीती जर्मनीतल्या नेकार नदीकाठच्या आमच्या गावाला आली, ती श्री. गॉटलोब श्टाइनहिल्बर यांच्या मोटारीमुळे.

श्टाइनहिल्बरसाहेबांनी उभी नोकरी एका नामांकित कारखान्यात (नाव कशाला?) आलिशान मोटारींच्या स्वयंचलित गिअरपेट्या बनवण्यात घालवली. पेट्या बाकीच्यांनीही बनवल्या, पण माहितीपुस्तिकेतलं ते वाक्य एकट्या साहेबांचं: ‘गिअरपेटीतील तेल हयातभराचे आहे, बदलू नये.’ या दोन ओळींवर तीन समित्या बसल्या होत्या. (तिसरी समिती पूर्णविरामासाठी होती.) निवृत्तीनंतर कुणी गिअरपेटीचा नुसता विषय काढला तरी साहेब ते वाक्य ऐकवत. बिअरच्या टेबलावर ऐकवलं, चर्चच्या पायऱ्यांवर ऐकवलं, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंडात नळी असताना ऐकवलं.

आणि मग साहेबांचीच गाडी झटके देऊ लागली.

दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना ती असा हिसका द्यायची, की आतल्या दोघांच्या माना खाली जात. साहेबांना झटका मान्य नव्हता. गावाला मात्र तो फार आवडला. ज्या माणसानं आयुष्यात शेजाऱ्याला सुप्रभात म्हटलं नव्हतं, तो आता रस्त्यानं जाताना पोस्टमनलासुद्धा लवून अभिवादन करतो, ही बातमी हां हां म्हणता पसरली. लोकही उलट माना लववू लागले. पाद्रीबाईंनी प्रवचनात नम्रतेचा नमुना म्हणून साहेबांचं नाव घेतलं. (गावातल्या सौजन्यात चाळीस टक्के वाढ झाली, मोजणी बेकरीवाल्या बाईंची.)

पत्नी वाल्ट्राउट यांच्या मानेला मात्र पट्टा आला.

“गॉटलोब, तेल बदल.”

“ते हयातभराचं आहे.”

“कुणाच्या? माझ्या असेल तर लिंडाउला पोचेपर्यंत संपेल बघ. रविवारी इर्मगार्डची सत्तरी आहे. गाडी अशीच राहिली तर मी आगगाडीनं जाईन, आणि का आले ते ओटमारला सांगेन!”

साहेबांचा चेहरा पडला. ओटमार म्हणजे लिंडाउच्या मेव्हणीचा, इर्मगार्डचा नवरा. तो दुसऱ्या कारखान्यातून निवृत्त झाला होता, आणि त्या कारखान्याच्या पुस्तिकेत ‘तेल वेळोवेळी बदलावे’ हे वाक्य त्यानं लिहिलं होतं. या एका वाक्यावरून दोघा साडूंचे नाताळ कैक वर्षं नासले होते. ओटमारसमोर हरण्यापेक्षा साहेबांनी एखादी किडनी दिली असती.

ते गॅरेजवाल्या क्नाउसकडे गेले. क्नाउसनं दोन थेंब काढून बोटांत चोळले आणि तो मोठ्यानं हसला.

“साहेब, हे तेल नव्हे, काजळ आहे! बदलू?”

“बदलता येत नाही. हयातभराचं आहे.”

“मग संपली म्हणायची हयात!”

क्नाउसनं थट्टा केली होती. साहेबांना थट्टा कळत नसे, त्यामुळे त्यांनी ती तपासली आणि ती निर्दोष निघाली. तेल हयातीत खराब होत नाही. तेल खराब झालं आहे. अर्थात हयात संपलेली आहे. मेलेल्या गाडीतून तेल काढणं म्हणजे बदलणं नव्हे, आणि नव्यानं जन्मलेल्या गाडीत तेल भरणं म्हणजेही बदलणं नव्हे. वाक्याला धक्का लागत नव्हता. पूर्णविरामालासुद्धा नाही.

साहेब थेट वाहन नोंदणी कार्यालयात गेले.

“नोंदणी रद्द कशासाठी?” खिडकीमागच्या बाईंनी विचारलं.

“निधन.”

“मालकाचं?”

“गाडीचं.”

“मग बाहेर उभी आहे ती कोण?”

“तिचं पार्थिव.”

“पार्थिव चालवत आणलंत?”

“बराचसा उतार होता.”

“हे बघा, माझ्या संगणकात निधन नाही. ‘वापर बंद’ आहे. चालेल?”

“चालेल. भावना तीच आहे.”

बाईंनी नंबरपाटीवरचा शिक्का खरवडून काढला. साहेबांनी टोपी काढली.

गुरुवारी क्नाउसच्या गॅरेजात अंत्यविधी झाला. गाव काळे कपडे घालून हजर होतं, कारण अंत्यविधीनंतरची कॉफी आणि केक आमच्याकडे कुणी चुकवत नाही. क्नाउसनं खालचा बोल्ट काढला, आणि तेल ठिबकायचं थांबेपर्यंत मौन पाळण्यात आलं. मग गाळणी बदलली, नवं तेल भरलं. त्याची पातळी ते ठरावीक गरम झाल्यावरच, इंजिन चालू ठेवून पाहावी लागते. पार्थिवाला ताप किती आहे हे मोजायची गावावर ही पहिलीच वेळ. वाल्ट्राउटबाईंनी केकचा तिसरा तुकडा घेतला. दुःखात भूक लागते, म्हणाल्या.

शुक्रवारी त्याच खिडकीवर गाडीचा जन्म नोंदवला गेला. रविवारी ती लोण्यातून सुरी जावी तशी लिंडाउला पोचली.

“काय गॉटलोब,” ओटमारनं दारातच विचारलं, “आवाज गोड येतोय. शेवटी बदललंस ना तेल?”

“छे! ही परवाच जन्मली. आधीची वारली.”

ओटमारनं वाल्ट्राउटबाईंकडे पाहिलं. बाईंना होकार द्यायचा होता, पण मानेला पट्टा होता.

तुम्ही हसलात. एक वाक्य मागं घ्यावं लागू नये म्हणून माणूस चालत्या गाडीला मेली म्हणून जाहीर करतो, हे हसण्यासारखं आहेच. आता जरा आठवून बघा: “आजपासून तो मला मेला” असं तुम्ही कुणाबद्दल म्हणाला होतात? भाऊ होता की मेव्हणा? श्टाइनहिल्बरसाहेबांनी निदान दुसऱ्याच दिवशी रांगेत उभं राहून गाडीला जिवंत तरी करून आणलं.