वरवटचं पाणी

आमचे गणपतमामा पाणी चावून पीत. घोट तोंडात घेतला की डोळे मिटायचे, जबडा सावकाश दोन्हीकडून फिरवायचे आणि गिळून झालं की पाण्याचं गाव सांगायचे. बीबी गावात माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी मांडवातल्या रांजणातलं पाणी असंच चावलं आणि म्हणाले, "हे गावातलं नाई. वरच्या अंगाच्या हिरीचं हाय, अन् थ्या हिरीत उंबराचा पाला पडते." चौकशी केली तर खरं निघालं. वरपक्षाची मंडळी त्यानंतर मामांसमोर पाणी प्यायला बिचकत होती.

मामा पाणाडे होते. जमिनीखाली पाणी कुठे आहे ते काडीने दाखवायचे. जांभळीची दोन फाट्यांची काडी, एकेक फाटा एकेका मुठीत आणि टोक पुढे, अशा थाटात अनवाणी शेतभर हिंडायचे. हिंडताना ते आपल्यात नसायचे. कोणी हाक मारली तरी फार लांबून ओ द्यायचे. मग एके ठिकाणी काडीचं टोक खाली वळायचं आणि मामा झोपेतून उठल्यासारखे म्हणायचे, "येतंय. आवाज ऐका." आम्हाला कोणालाच कसला आवाज ऐकू यायचा नाही, पण आम्ही माना डोलवायचो. पार दुसरबीड गावापासून लोक त्यांना न्यायला येत. मोबदला घ्यायचा नाही हा त्यांचा नेम. नव्या विहिरीचा पहिला तांब्या चावून प्यायचा आणि घरी यायचं.

एवढं सगळं खरं, पण घरी येऊन प्यायचं काय, तर खारं पाणी. मामांचं गाव वरवट बकाल. पूर्णेकाठच्या त्या सगळ्या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पहिल्यांदा आलेला पाहुणा घोट घेऊन यजमानाकडे संशयाने बघतो. मामांना मात्र तेच आवडे. आमच्या बुलडाण्याचं पाणी त्यांना आळणी लागायचं. "पाण्याले चव पायजे बापू," असं म्हणून आमच्याकडे आले की ते पेल्यात मिठाचा खडा टाकत आणि माझी आई, म्हणजे त्यांची सख्खी बहीण, कपाळावर हात मारून घेई.

आवडत असलं तरी आपल्या शेतात एकदा तरी गोडं पाणी लागावं, ही त्यांची आस होती. दोन विहिरी खोदल्या, दोन्ही खाऱ्या लागल्या. तिसऱ्या वेळी त्यांचा मुलगा वसंता सुट्टीत घरी आला होता. तो नागपूरला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होता. त्याने हातोडीने दोन-चार दगड फोडले, कागदावर रेघा मारल्या आणि सांगितलं की इथे खोदू नका, खारंच लागेल. मामांनी काडी फिरवली, काडी वळली आणि त्यांनी खोदलं. पाणी खारं लागलं. विहिरीच्या काठावर अर्धं गाव जमलेलं असताना वसंता म्हणाला, "मी सांगितलं होतं. काडीले काई समजत नाई, बाबा."

त्या दिवसापासून मामा त्याच्याशी बोलेनासे झाले. मामी वारल्यापासून घरात माणसं दोनच, त्यामुळे हा अबोला पाळायला फार कष्ट पडत. मामा बैलाकडे तोंड करून म्हणायचे, "याले सांग, भाकर झाकून ठेवली हाय." वसंताही बैलालाच सांगायचा की भूक नाही. वसंता सुट्टीत घरी आला की असंच, हे दीड वर्ष चाललं. बैल बिचारा सगळं ऐकून घ्यायचा.

मग वसंताला पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जायची संधी मिळाली. तीन वर्षांसाठी तो सांताक्रूझहून विमानाने जाणार होता. राज्य नुकतंच नवं झालेलं, आणि मी त्या नव्या राज्याच्या सचिवालयात कारकून म्हणून मुंबईला आलेलो. वसंता शेवटचे आठ दिवस माझ्याच खोलीवर होता. "बाबा येतील का रे?" असं त्याने एकदाही विचारलं नाही. फक्त टपाल आलं की माझ्याआधी दाराशी जाऊन उभा राही.

मामा त्या वेळी रत्नागिरीला होते. आमच्याकडे शेतकीखात्यात असलेले एक साहेब तिकडचे. त्यांनी आपल्या बागेत पाणी दाखवायला मामांना नेलं होतं. तिथून मामांचं मला कार्ड आलं: 'बोटीने येत आहे. धक्क्यावर येऊन मला शेगावच्या गाडीत बसवून देणे. दुसरे काम नाही.' बोटीचा दिवस वसंताच्या विमानाचाच होता. कार्ड वाचून मी हसलो आणि ते वसंताला दाखवायचं नाही असं ठरवलं. मामांचा काही नेम नाही. ते खरोखरच शेगावच्या गाडीत जाऊन बसले असते, तर पोराला ते फार लागलं असतं.

विमान दुपारी चारचं होतं. वसंताला निरोप देऊन मी सकाळी आठलाच भाऊच्या धक्क्यावर जाऊन उभा राहिलो. धुक्यामुळे बोट लागली ती दीड वाजता. मामा फळीवरून उतरले ते झोपेत चालल्यासारखे. डोक्याला पांढरा रुमाल, बगलेत वळकटी, वळकटीतून बाहेर आलेली काडी आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेला फिरकीच्या झाकणाचा तांब्या. तांब्या खाली ठेवून त्यांनी हमालांच्या आणि टोपल्यांच्या गर्दीत वाकून मला नमस्कार केला. आमच्याकडे मामाने भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. धक्क्यावरची माणसं मी कोणी बाबामहाराज आहे की काय म्हणून बघू लागली. मी मागे सरता सरता एका कोळणीच्या पाटीत बसता बसता राहिलो.

"गाडी किती वाजता हाय?" मामांनी विचारलं.

"कोणती गाडी?"

"शेगावची. दुसरी कोणती?" मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "अन् थे इमान किती वाजता उडते? आपलं इच्यारून ठेवलं."

"चार वाजता."

मामांनी तांब्या उचलला. मी टॅक्सी केली, त्यांना आत बसवलं आणि टॅक्सीवाल्याला हळूच सांगितलं, "सांताक्रूझ." मामांनी ते ऐकलं. डोळे बांधून शेतात सोडलं तरी उत्तर दिशा सांगणारा हा माणूस, आणि बोरीबंदर धक्क्यापासून मैल-दीड मैलावर. भायखळा गेलं, परळ गेलं, तरी स्टेशन येत नाही याचं त्यांना काहीच वाटलं नाही. दादरच्या आसपास ते एवढंच म्हणाले, "टेसन लय दूर हाय बे."

"हो मामा, जरा दूरच आहे."

"असू दे."

खिडकीतून सावकाश वारा येत होता. बोटीचं हेलकावणं अजून त्यांच्या अंगात होतं, टॅक्सीतही ते तसेच झुलत होते. डोळे अर्धवट मिटून ते बोटीवरची हकिकत सांगू लागले. बोटीत गंमत म्हणून काडी हातात धरली तर ती टोक वर करीचना. चहूकडे पाणीच पाणी, ती तरी काय करणार. शेवटी तिला वळकटीत बांधून ठेवावी लागली. "येडी झाली होती बिचारी," मामा म्हणाले. मग म्हणाले, की या एवढ्या घरांच्या खालीही पाणी चालतंय, लोक वर झोपतात आणि खालून ते आपलं जात राहतं, कोणाला पत्ता नसतो. ते असं बोलायला लागले की मला माझी फाईल, माझा साहेब, माझी खोली, सगळंच कुठेतरी पाण्यावर तरंगत असल्यासारखं वाटायचं. मीही घड्याळ बघायचं विसरलो.

मला तहान लागली होती. तांब्याकडे हात नेला तर मामांनी तो पटकन पलीकडच्या मांडीवर घेतला. "हे प्याचं नाई." रत्नागिरीच्या नव्या विहिरीचं गोडं पाणी असेल, असं मी धरून चाललो.

माहीमची खाडी आली आणि मामांनी टॅक्सी थांबवायला लावली. "जरा समुद्राचं पाणी चाखून पायतो. बोटीतून हात पुरला नाई, अन् बोटीकडे नेणाऱ्या पडावात बसलो तवा हातात तांब्या होता." तीन वाजून गेले होते. मी काकुळतीला आलो, पण मामा खाली उतरून दगडांवरून पाण्यापाशी पोचलेसुद्धा. ओंजळ भरून त्यांनी पाणी तोंडात घेतलं आणि कितीतरी वेळ चावलं.

"बापू, हे तं आपल्याच हिरीचं पाणी हाय. जरा जास्त आटवलेलं."

"मामा, चला आता."

ते हलले नाहीत. पाण्याकडे बघत उभे राहिले. "त्यानं तोंड फिरवलं तं?" ते म्हणाले.

तेव्हा मला उमगलं, की मामा समुद्र चाखायला उतरलेच नव्हते. दीड वर्ष पोराशी न बोललेला हा माणूस त्याच्यापुढे जायला भीत होता. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. मी त्यांच्या हाताला धरून त्यांना वर आणलं आणि म्हणालो, "फिरवणार नाही. आठ दिवस टपालाची वाट बघून राह्यला तो."

विमानतळावर पोचलो तेव्हा प्रवाशांना आत घेतलं होतं. एका कठड्यापलीकडे त्यांची रांग लागली होती. नवा कोट घातलेला वसंता रांगेच्या पुढच्या टोकाशी पाठमोरा उभा होता. मधे एक शिपाई होता, तो कोणाला पुढे सोडीना. "मामा, हाक मारा," मी म्हणालो.

मामांचे ओठ हलले, पण हाक काही निघेना. मीच मारणार तोवर त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला, वहाणा काढल्या, वळकटीतून काडी ओढली आणि दोन्ही मुठींत धरून त्या गुळगुळीत फरशीवर कठड्याच्या कडेकडेने अनवाणी चालायला लागले.

लोक बाजूला झाले, मग गोळा झाले. कोणीतरी हसलं. एका बाईने पोराला जवळ ओढून घेतलं. शिपायाने विचारलं, "ओ बाबा, काय हरवलं?" मामांचं लक्ष नव्हतं. आणि त्या गलबल्याने वसंता वळला. ती चाल त्याला लहानपणापासून ठाऊक होती. क्षणभर तो लाजला, हे मला दिसलं. मग रांग सोडून तो धावतच कठड्याशी आला आणि म्हणाला, "बाबा."

मामा थांबले. बैल नव्हता, त्यामुळे त्यांना माझ्याकडे बघावं लागलं. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

"हे घे," मामा शेवटी त्यालाच म्हणाले आणि माझ्या हातातला तांब्या घेऊन कठड्यावरून पुढे केला. "आपल्या तिसऱ्या हिरीचं हाय. रत्नागिरीले जाताना घेऊन निघलो होतो."

वसंता फिरकी उघडून प्यायला लागला तसे मामा घाईने म्हणाले, "पिऊ नको बे. थ्या जर्मनीत यंत्रं असतीन, त्याईच्यात घालून पाय. खारं काऊन लागलं थे मले समजलं नाई. तुले समजते. मले पत्रात लिही."

वसंताने फिरकी परत घट्ट लावली. कठड्यावरून वाकून त्याने मामांच्या पायांकडे हात नेला, पण हात गुडघ्यापर्यंतच पोचला. शिपायाने तांब्यात काय आहे म्हणून हटकलं. मामा म्हणाले, "पाणी." शिपायाने वास घेऊन पाहिला आणि जाऊ दिलं. कोटवाला वसंता तो पितळी तांब्या छातीशी धरून विमानाकडे चालत गेला. विमान दिसेनासं झालं तरी मामा कठडा सोडीनात.

पुढे दिवाळीत मी वरवटला गेलो. वसंताचं पत्र येऊन गेलं होतं, चांगलं चार पानी. मामांना ते पाठ होतं, तरी त्यांनी मला वाचायला लावलं. पाण्यात कुठले क्षार किती ते लिहून शेवटी वसंताने लिहिलं होतं, की फार फार जुन्या काळी त्या भागात समुद्राचं पाणी शिरलं असावं असं काही अभ्यासक मानतात.

"मी माहीमलेच सांगतलं होतं," मामा म्हणाले. एवढं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग माझं लक्ष कोनाड्यात गेलं. तिथे औषधाच्या धुतलेल्या शिश्या ओळीने मांडल्या होत्या, काठोकाठ पाणी भरून, बुचं मेणाने बंद केलेली. प्रत्येकीला महिन्याच्या नावाची चिठ्ठी. आषाढ, श्रावण, भादवा, आश्विन.

"एका तांब्याचं एक पत्र आलं," मामा म्हणाले. "महिन्या-महिन्याचं पाणी येगळं असते. हे बी तपासाले लागते त्याले. इमानातून शिश्या धाडता येतात काय, तुमच्या हापिसात इच्यारशीन?"

मी भादव्याची शिशी उघडली आणि मामांसारखाच एक घोट चावून पाहिला. मग आश्विनातली उघडली. मला काही कळत नाही, पण एवढं कळलं.

"मामा, दोन्हीचं पाणी तर एकच लागतंय."

मामांनी माझ्या हातातून शिशी घेतली, बूच घट्ट बसवलं आणि धोतराच्या सोग्याने पुसून ती परत ओळीत ठेवली.

"हाव, एकच हाय," ते म्हणाले. "पण वसंताले सांगू नको."