विश्रामभावजींचा फणस

पाहुण्याला तांब्या दिला की तो पाणी पितो, अशी आपली माझी समजूत. विश्रामभावजींनी तोंडभर पाणी घेतलं, दारातल्या फणसापाशी गेले आणि फुर्रकन ते खोडावर उडवलं. मग खिशातून भिंग काढून सालीला नाक टेकवलं. मी बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीवर, उभी. हातातली उंडे-पावांची बशी पडता पडता राहिली.

हे आमच्या ह्यांचे चुलतभाऊ. मुळगावचे, खाणीच्या ऑफिसात कारकून. झाडांच्या खोडांवर करडे चट्टे येतात ना, मसाल्यातल्या दगडफुलाची भावंडं, त्यांचा अभ्यास हा त्यांचा नाद. पाणी लागलं की जिवंत चट्टे हिरवे होतात, म्हणून ती चूळ. "वयनी, माणूस खोटं सांगेल, झाड नाय सांगणार," हे पालुपद. दर रविवारी मुळगावाहून आमच्या गावी, मयेला, यायचे ते फणसाला भेटायला, आम्ही आपले मधे.

तेव्हा गोव्यात कोकणी की मराठी, यावरून घराघरांत भांडणं. भावजींना विचारलं तर म्हणाले, कुठल्याही भाषेत बोला, आधी मोकळा श्वास तर घ्या.

माझ्या भाचीसाठी चोपडे गावचं स्थळ बघायला गेलो. सगळे मुलाकडे बघतायत, हे परसात गायब. परत आले ते सांगतच, की स्थळ उत्तम, आंब्यावर दगडफूल भरगच्च आहे! मुलाच्या आईचा आ वासलेला. मला धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

मग गोव्याचं राज्य झालं. आमच्या वाड्यावर, म्हणजे आळीत, मिरवणूक येणार म्हणून ह्यांनी, जत्रेला लावतात तसा, दारातल्या झाडांना चुना फासला. रविवारी भावजी आले, फणस बघितला आणि मटकन खालीच बसले. रुमालानं खोड पुसायला लागले, आणि पुसता पुसता चक्क रडायला लागले.

"वयनी, सुमनला दम लागतो," ते म्हणाले. सुमन म्हणजे त्यांची बायको. "खाणीच्या धुळीनं आमच्या झाडांवर एक चट्टा उरला नाय. चट्टे जगतात ते स्वच्छ हवेतच. तिच्यासाठी चांगली हवा शोधत गावोगाव फिरलो. तुमचा फणस सगळ्यांत हिरवा. तिला इथे ठेवाल काय, हे विचारायचा धीर होत नव्हता."

मला असा राग आला म्हणून सांगू! घरचा माणूस, आणि बायकोसाठी तोंड उघडायला फणसाची साक्ष हवी?

"चुना झाडाला लागलाय, वाऱ्याला नाही," मी म्हटलं. "उद्या तिला घेऊन या."

सुमन आली ती उशांचा ढीग घेऊन. बिचारीला आडवं होता येत नसे, बसूनच झोपायची. मागची खोली तिला दिली.

पावसानं चुना धुऊन नेला, त्यानंतरचा एक रविवार. भावजी आले, तांब्या घेतला, तोंडात पाणी भरलं आणि फणसाकडे निघाले. वाटेत तिच्या खोलीचं जनेल, खिडकी उघडीच. आत सुमन झोपली होती. एका उशीवर, कुशीवर, आडवी.

भावजी तिथेच थांबले. मी हाक मारली तर वळून ओठांवर बोट ठेवलं आणि तोंडातलं पाणी हळूच गिळलं. आमच्या घरचं पाणी ते पहिल्यांदाच प्यायले.